हवामान बदल आणि आशा

हवामान बदलाच्या संदर्भात आशा म्हणजे तापमानवाढीचे गांभीर्य मान्य करूनही मानवी कृतीने तिचे दुष्परिणाम कमी करता येतात, हा पुराव्यावर आधारलेला विश्वास होय. 'सर्व काही आपोआप ठीक होईल' या समजुतीहून ती भिन्न आहे. स्वीडनमधील संशोधक मारिया ओयाला यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रचनात्मक आशा आणि समस्या नाकारणारी आशा असा भेद केला. पहिलीचा संबंध पर्यावरणपूरक वर्तनाशी आढळला. दुसरीचा तसा आढळला नाही.

पार्श्वभूमी

२०२१ साली भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातील १०,००० जणांच्या सर्वेक्षणात ५९ टक्के व्यक्तींनी हवामान बदलाविषयी तीव्र चिंता व्यक्त केली. अशी चिंता स्वाभाविक आहे. मात्र 'आता काहीच उपयोग नाही' असे वाटू लागल्यास ती निष्क्रियतेकडे नेते. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालानुसार तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअस झाल्यास उष्ण कटिबंधातील ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होतील, तर २ अंशांना ९९ टक्क्यांहून अधिक. अर्थात, अर्ध्या अंशाची बचतही मोलाची ठरते.

महाराष्ट्रातील कांदळवने

कांदळवने म्हणजेच खारफुटी भरतीच्या लाटांचा जोर कमी करतात, मुळांनी गाळ धरून ठेवतात आणि चिखलात कर्ब साठवतात. मुंबई परिसरात भराव, कचरा व बांधकामांमुळे त्यांचा मोठा ऱ्हास झाला. नागरिकांच्या संस्थेने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर कांदळवनतोडीस मनाई केली. २०१२ साली वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवृक्ष घोषित करण्यात आला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचे कांदळवन क्षेत्र २०१३ साली १८६ चौ. किमी, तर २०२१ साली ३२४ चौ. किमी नोंदवले आहे.

मीरा-भाईंदर

हाटकेश ही मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्ती आहे. शहराच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र व पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. अतिवृष्टी व भरती एकाच वेळी आल्यास शहराच्या सखल भागांतील पाण्याचा निचरा मंदावतो. त्यामुळे खाडीकाठची कांदळवने व मोकळ्या पाणथळ जागा यांचे रक्षण हा येथील रहिवाशांच्या सुरक्षेचा प्रश्न ठरतो. वर्सोवा-भाईंदर किनारी मार्गासाठी होणाऱ्या कांदळवनतोडीवरून वाद झाला आहे. न्यायालयीन संरक्षण मिळूनही हे यश कायमचे नाही, हे त्यावरून दिसते.

कृती आणि आशा

कांदळवनांच्या उदाहरणात आशा आधी आणि कृती नंतर असा क्रम दिसत नाही. याचिका, नियम, गस्त व लागवड यांतून मोजता येणारा बदल घडला आणि त्या बदलाने पुढील प्रयत्नांना बळ दिले. विद्यार्थ्यांनाही स्वतःच्या परिसरातील नाला, झाडे किंवा पाणथळ जागा यांच्या नियमित नोंदी ठेवून अशा कामाचा आरंभ करता येतो. अशा नोंदी पुढे पालिकेकडील तक्रारीस किंवा मागणीस आधार देतात. एकट्याने न करता गटाने केलेल्या कामात असहायतेची भावनाही कमी होते.