ऑटोमॅटिक गाडीला शिफ्टर घेताय?

काल अल्लीपूरला ओळखीचा एक पोरगा घरी आला. "भाऊ, ऑटोमॅटिकले रेसिंगवाला शिफ्टर बसवाचा हाये, कोणता घेऊ?"

मी आधी गिअरबॉक्स विचारला. सगळं तिथूनच ठरतं.

2014 च्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी पसरली. तिच्यात क्लच दाबणं आणि गिअर टाकणं संगणकाच्या हुकमाने होतं. दांडा फक्त इशारा देतो. शिफ्टर बदलून गिअर लवकर पडत नाही. डीएसजी, म्हणजे दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्येही गिअर संगणकच बदलतो. अशा गाडीला फार तर नॉब बदला, पैसे टायर-ब्रेकवर घाला.

जुन्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत दांडा बहुधा केबलने गिअरबॉक्सला जोडलेला असतो. तिथे बी अँड एम किंवा हर्स्ट कंपनीचा शिफ्टर खरंच कामाचा. पण तो तुमच्याच गिअरबॉक्ससाठी बनलेला हवा.

नवा शिफ्टर बसवल्यावरही इंजिन फक्त पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्येच सुरू व्हायला हवं. चालत्या गाडीत चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून लॉकही हवंच.

केबल नीट जुळवून घ्या. दांडा पीवर असूनही उतारावर घरंगळलेली गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. हँडब्रेक ओढूनच तपासा.

तुमची गाडी, वर्ष आणि गिअरबॉक्स खाली लिहा, जमेल तसं सांगतो.