जीर्ण वहीची साक्ष

आमच्या कर्जत-खालापुराकडे दुखणें सरलें कीं डॉक्टरी कागद बंबांत जातो. थोरल्या बंधूंचे असेच जळाले. पुढें छातींत कळ आली तेव्हां जुना रक्तदाब सांगावयास कांहीं उरलें नव्हतें.

इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांत १९११ पासून सुइणी बालकांचीं जन्मवजनें टिपीत. त्या वह्यांवरून ५,६५४ पुरुषांचा माग काढून डॉ. डेव्हिड बार्कर यांनीं १९८९ सालीं दाखविलें कीं, जन्मतः व वर्षाचे होतांना जे हलके होते, त्यांत हृद्रोगाचे मृत्यु सर्वांत अधिक. बिचाऱ्या सुइणींस याची कल्पनाहि नसेल! बोरघाटापलीकडे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून सहा खेड्यांतील माता-अर्भकांच्या नोंदी चालविल्या. अर्भकें वजनाला हलकीं, पण मेद इंग्रज बालकांहून फारसा कमी नाहीं, असें आढळलें.

नातवाच्या जन्मवजनाचा कागद मीं पोथ्यांच्या दप्तरांत बांधून ठेविला आहे.