छंदवर्गातून ऑल-स्टार संघाकडे

ऑल-स्टार चिअरलीडिंगचे संघ खासगी जिमचे असतात. ते कुणाच्या सामन्यात जल्लोष करायला नव्हे, फक्त स्पर्धेसाठी उतरतात. अमेरिकेत २००३ साली स्थापन झालेली यूएसएएसएफ ही संस्था त्यांचे नियम ठरवते. सादरीकरण जास्तीत जास्त अडीच मिनिटांचे, ५४ बाय ४२ फुटांच्या मंचावर. संघ कौशल्याच्या पातळ्यांत विभागलेले असतात, म्हणून असा संघ उभारायचा तर छंदवर्गातील प्रशिक्षकाला आधी आपल्या पातळीचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. नवा संघ पहिल्या पातळीवरच शोभतो: तिथे कोलांट्या, कार्टव्हील आणि वॉकओव्हर चालतात, बॅक हँडस्प्रिंग दुसऱ्या पातळीपासून. पालकांना हे पटवणे बहुधा सरावापेक्षा अवघड! छोट्या सादरीकरणाचा ‘प्रेप’ विभागही असतो. त्यात सराव आणि खर्च दोन्ही कमी.