खारी टाकी आणि गोड्या पाण्याचा हिशेब

नळाचे पाणी आपण पितो, त्यात भात शिजवतो, बाळाला अंघोळ घालतो. मग तेच पाणी घरातल्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकला का चालत नाही? समुद्री मासे हौसेने पाळणाऱ्या नवी मुंबईतील घरांत हा प्रश्न बहुधा उशिरा पडतो. टाकीतली कोळंबी मेलेली असते किंवा काचेवर तपकिरी थर चढलेला असतो, तेव्हा. मीठ, पंप आणि दिव्यांवर खर्च झालेला असतो. पाण्याचा विचार मात्र राहून गेलेला असतो.

या प्रश्नाचे उत्तर उरणच्या मिठागरात आहे. मिठागरात समुद्राचे पाणी घेतात. ऊन पाणी उडवून नेते आणि मीठ खाली राहते. घरातल्या टाकीतही नेमके हेच घडते. १०० लिटरच्या टाकीतून दिवे आणि पंख्यामुळे रोज साधारण एक लिटर पाणी उडते, मीठ मात्र तिथेच राहते. म्हणून रोजची भर खाऱ्या पाण्याची नव्हे, तर गोड्या पाण्याची घालायची असते. पण त्या गोड्या पाण्यात जे काही विरघळलेले असेल, तेही टाकीतच साचत जाते.

समजा, नळाच्या पाण्यात लिटरमागे ८० मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेले आहेत. रोज एक लिटर या हिशेबाने वर्षभरात सुमारे २९ ग्रॅम पदार्थ टाकीत जातील. टाकीत आधीच साडेतीन किलो मीठ आहे, त्यापुढे २९ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण प्रश्न किती साचले हा नसून काय साचले हा आहे.

तांब्याचेच पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. माशांवरील परजीवी मारण्यासाठी तांब्याचे औषध देतात, ते लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्या तांब्यात मासे तगतात, पण कोळंबी, गोगलगाय, सी अ‍ॅनिमोन असे अपृष्ठवंशी जीव मरतात. म्हणजे आपल्यासाठी नियमात बसणारे पाणी त्यांच्यासाठी विष ठरू शकते. नायट्रेटचेही तसेच. आपल्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. प्रवाळासारखे जीव असलेल्या टाकीत ते १०च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाचे खत. तिसरा पदार्थ सिलिका. आपला सह्याद्री बेसाल्टचा, म्हणजे सिलिकायुक्त खडकाचा. त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात थोडी सिलिका विरघळते आणि तिच्यावर डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल पोसते. काचेवरचा तपकिरी थर बहुधा त्याचाच असतो.

राहिला क्लोरिन. नळाच्या पाण्यात तो आपल्या आरोग्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो आणि माशांच्या कल्ल्यांना तो जाळतो. पाणी रात्रभर उघडे ठेवले किंवा उकळले की क्लोरिन निघून जातो, हे खरे. पण तांबे, नायट्रेट, सिलिका जात नाहीत. उकळल्यावर पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण उलट थोडे वाढते.

या बाबतीत नवी मुंबईकर तसे नशीबवान आहेत. महापालिकेचे पाणी खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरच्या मोरबे धरणातून येते आणि भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते. सिडकोच्या काही भागांत ते हेटवणे धरणाचे असते. दोन्हीकडे पावसाचे पाणी असल्यामुळे क्षार कमी. मात्र सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचे पाणी मिसळत असेल, तर गणित बदलते. खाडीलगतच्या भागात जमिनीखालचे पाणी खारट असू शकते. म्हणून पहिली खरेदी टीडीएस मीटरची. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या या मीटरने आठवडाभर वेगवेगळ्या वेळी नळाचे पाणी तपासा.

पुढचा मार्ग बहुतेकांच्या स्वयंपाकघरात आधीच बसवलेला असतो, तो म्हणजे आरओ. त्याच्या पडद्यातून ९० टक्क्यांहून अधिक क्षार अडतात. ८० टीडीएसचे पाणी पाच-आठपर्यंत उतरते. तरीही आरओच्या नळाला मीटर लावला तर आकडा ३०-४० दिसू शकतो. कारण चव यावी म्हणून बहुतेक घरगुती यंत्रांत थोडे साधे पाणी परत मिसळणारी व्यवस्था किंवा खनिजे घालणारी नळी असते. ती पिण्यासाठी ठीक, टाकीसाठी नको. मेकॅनिकला सांगून पडद्यानंतर लगेच, मिसळण्याच्या आधी, एक वेगळा जोड काढून घ्यावा. यंत्र सुरू झाल्यावरचे पहिले दोन-तीन मिनिटांचे पाणी सोडून द्यावे. त्यात क्षार जास्त असतात.

या जोडाला डीआय रेझिनची नळी लावली की काम पूर्ण होते. रेझिनचे बारीक मणी पाण्यातले उरलेसुरले आयन धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन व हायड्रॉक्साइड सोडतात. त्यांचे पुन्हा पाणीच बनते. रेझिन नळाच्या पाण्याला थेट लावता येते, पण ८० टीडीएसऐवजी आठ टीडीएसचे पाणी दिले तर ते साधारण दहापट चालते. सगळी बचत या जोडीत आहे. मीटर शून्यावरून एक-दोनवर गेला की रेझिन बदलायचे. थांबून चालत नाही, कारण संपत आलेल्या रेझिनमधून आधी सुटते ती सिलिका आणि मीटर तिला नीट पकडत नाही.

महिन्याला लागते तरी किती? १०० लिटरच्या टाकीला रोजच्या भरीसाठी ३० लिटर आणि दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचे म्हणून ४० लिटर. एकूण ७० लिटर. आरओ लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतो, म्हणजे दोनशेहून अधिक लिटर. ते वाया घालवू नये. ८० टीडीएसच्या नळाला हे पाणी जेमतेम ११०चे असते; लादी पुसायला, झाडांना, शौचालयाला उत्तम.

फुकटचे पर्याय मोह पाडतात. एसीच्या नळीतून थेंब थेंब गळणारे पाणी शुद्धच असणार, असे वाटते. पण ते तांब्याच्या नळ्या आणि धूळ बसलेल्या पत्र्यांवरून येते. ते टाकीत नको. ठाणे खाडी दारात असली तरी तिचे पाणी गढूळ, सांडपाणी मिसळलेले आणि भरती-ओहोटीप्रमाणे खारटपणा बदलणारे आहे. छतावरून येणाऱ्या पावसाच्या पाण्यात कबुतरांची विष्ठा आणि पत्र्यावरचे जस्त मिसळते. वीस लिटरच्या जारमध्ये चवीसाठी क्षार घातलेले असू शकतात. बॅटरीचे पाणी अडीअडचणीला चालेल, पण सीलबंद असेल आणि मीटरवर शून्य दाखवेल तरच.

शुद्ध केलेले पाणी ही सुरुवात आहे. बदलायच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालून, पंप लावून एक दिवस ढवळत ठेवावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यात समुद्रातले मॅग्नेशियम, कॅल्शियम नसते. डीआयचे पाणी स्वतः पिऊ नये आणि त्या डब्यांवर ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवावे. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालताना हातमोजे घालावेत. मत्स्यालयातल्या एका जिवाणूमुळे त्वचेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी होतात.

एवढा खटाटोप कशासाठी? बाजारातले बहुसंख्य समुद्री शोभिवंत मासे आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात. आपल्या टाकीत एक मेला की त्याच्या जागी समुद्रातून दुसरा निघतो. म्हणून शक्य असेल तिथे हॅचरीत वाढवलेलाच मासा घ्यावा. क्लाउनफिशची अशी पैदास नवी मुंबईतच, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात केली जाते. आणि तो मासा घरी आणण्याच्या आठवडाभर आधी काचेवर पाण्याच्या पातळीची एक रेघ मारावी. पाणी रोज किती उतरते ते मोजावे. तेवढे शुद्ध पाणी रोज मिळण्याची सोय झाली, की मग मासा आणावा.