घरातला प्रश्न विद्यापीठात कसा मांडायचा? पदवीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दरवर्षी 'आविष्कार' संशोधन स्पर्धेची नोटीस लागते. आपली बहुतेक मुलं ती वाचून पुढे जातात. संशोधन म्हणजे पीएच.डी.वाल्यांचं काम, असं त्यांना वाटतं. एखादीने घरी विषय काढलाच, तर अम्मी विचारते, "याचे मार्क मिळतात का?" आणि अब्बा विचारतात, "खर्च किती?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत. आधी हा प्रकार काय आहे ते पाहू.

'आविष्कार' ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. 2006 मध्ये राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने ती सुरू झाली. आपल्या शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. आधी जिल्हा पातळी, मग विद्यापीठ आणि निवड झाली तर राज्य पातळी. भाषा-कला, वाणिज्य-कायदा, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, वैद्यक-औषधनिर्माण असे सहा गट असतात. पदवीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा पदवीच्याच विद्यार्थ्यांशी असते, त्यामुळे समोर पीएच.डी.वाले असतील ही भीती नको.

त्याच 2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला. वीस वर्षांवरच्या मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहून कमी, असं त्यात नोंदवलेलं होतं. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, 1906 मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग ते हेच. आपल्या मुलांना शहरात राहून शिकता यावं, ही तेव्हाची गरज होती. आता आपल्या प्रश्नांवर आपल्याच मुलांनी अभ्यास करावा, ही गरज आहे. नाहीतर आपल्याबद्दलची आकडेवारी कायम दुसऱ्यांनीच लिहायची आणि आपण ती फक्त वाचायची, असंच चालेल.

मग विषय कुठून आणायचा? बहुतेक वेळा तो घरातच असतो. समजा, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अब्बा घरी आले की टीव्हीचा आवाज वाढवतात आणि हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नाही. घरात सगळे म्हणतात, "वय झालं." पण अब्बा पंचेचाळीसचेच आहेत. मागाच्या खडखडाटाचा कानांवर परिणाम होतो का? हाच संशोधनाचा प्रश्न.

आता तो लहान करायचा. 'यंत्रमाग कामगारांचं आरोग्य' हा विषय तिला तीन महिन्यांत झेपणार नाही. 'आमच्या भागातल्या चार शेडमध्ये आवाज किती आहे आणि तिथल्या चाळीस कामगारांना ऐकण्याचा त्रास किती जाणवतो' हे झेपेल. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांच्या कामासाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. मोजलेला आवाज तिच्याशी ताडून पाहायचा. कामगारांना प्रश्न विचारण्याआधी त्यांची परवानगी घ्यायची आणि कागदावर कुणाचंही नाव लिहायचं नाही. शेडच्या मालकालाही आधी सांगायचं. हे टाळलं तर अब्बांच्याच रोजीरोटीला धक्का लागू शकतो.

यानंतर सारांश लिहायचा. प्रश्न काय होता, मोजलं कसं, सापडलं काय आणि त्याचा उपयोग काय, एवढ्या चार गोष्टी पुरतात. पोस्टरवर मजकूर कमी आणि आलेख मोठा ठेवायचा. चार हात लांबून वाचता आलं पाहिजे. तोंडी मांडणीला मोजकी मिनिटं मिळतात. म्हणून घड्याळ लावून घरच्यांसमोर तीन-चार वेळा बोलून बघा. दादीला कळलं तर परीक्षकांनाही कळेल. आपल्या बऱ्याच घरांत बोली दखनी, शाळा मराठी किंवा उर्दू आणि कॉलेजची पुस्तकं इंग्रजी. त्यामुळे बोलताना अडखळायला होतं. कोणत्या भाषेत मांडता येईल ते माहितीपत्रकात बघा. मराठी चालत असेल तर बिनधास्त मराठीत मांडा.

खरी परीक्षा प्रश्नांच्या वेळी होते. "आवाज कशाने मोजला?" असं विचारलं आणि तिने मोबाइलच्या अ‍ॅपने मोजला असेल, तर तसंच सांगावं. असं अ‍ॅप अचूक नसतं, हेही स्वतःहून सांगावं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं यंत्र मिळालं तर उत्तमच. "हे वयामुळे कशावरून नाही?" हा प्रश्न येणारच. म्हणून त्याच वयाच्या, पण मागावर काम न करणाऱ्या लोकांनाही तेच प्रश्न आधी विचारून ठेवावेत. एवढं करूनही एखादं उत्तर आलं नाही, तर "हे मी तपासलेलं नाही" म्हणावं. त्यात कमीपणा नाही. थाप मारली तर मात्र परीक्षकांच्या लगेच लक्षात येते.

आता अम्मीचा प्रश्न. नव्या धोरणात चार वर्षांची 'ऑनर्स विथ रिसर्च' पदवी आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करता येतो. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान 75 टक्क्यांनी मिळवणारा विद्यार्थी एम.ए., एम.एस्सी. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरतो. तिथे केलेल्या कामाचा अनुभव कामी येतो.

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर असं: 'आविष्कार'मध्ये कॉलेजमार्फत जायचं असतं, म्हणून पोस्टर आणि प्रवासाच्या खर्चाबद्दल आधी कॉलेजमध्ये विचारा. पण मोबाइलवर येणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय परिषदे'च्या मेसेजपासून सावध राहा. दोन दिवसांत निबंध मंजूर, आधी फी भरा, हजर न राहताही सर्टिफिकेट, असं कुणी सांगत असेल तर तो धंदा आहे. निबंध कोण तपासणार आणि कार्यक्रम कुठल्या संस्थेत आहे, हे आपल्या सरांना किंवा मॅडमना विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

एक गोष्ट आम्हाला पालकांना सांगायची आहे. मुलाला सांगलीला पाठवताना आपण फारसा विचार करत नाही, पण मुलीचं नाव आलं की "कशाला उगाच?" असं म्हणतो. काळजी असेल तर सोबत कोण शिक्षक आहेत, परत कधी येणार, हे विचारा. जमलं तर एक दिवसाची खाडी करून स्वतः तिच्यासोबत जा. तिने तुमच्याच कष्टांवर अभ्यास केला आहे. तो ती चार जाणकारांसमोर मांडते, तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं.

पुढची नोटीस लागेल तेव्हा लागेल. प्रश्न मात्र आज रात्री जेवताना घरातच शोधता येईल.