पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही

एसक्यूएल सर्व्हरने 18456 ही एरर दिली की संशय आधी पासवर्डवर जातो. लॉगइन विंडोज ग्रुपमधून असेल, तर तो बहुधा व्यर्थ. स्क्रीनवर मुद्दामच स्टेट 1 दाखवतात; सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये स्टेट 11 असेल, तर ओळख पटलेली असते, फक्त प्रवेशाचा हक्क सापडलेला नसतो. ग्रुपची यादी साइन-इन करतानाच टोकनमध्ये भरली जाते, म्हणून नव्याने ग्रुपमध्ये घेतलेल्याने साइन-आउट करून परत यावे. मग ग्रुपऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र लॉगइनच का देऊ नये? काम भागते खरे. पण माणूस विभाग बदलून गेला तरी ते मागे उरते, आणि दुसऱ्या एखाद्या ग्रुपवरचा ‘डिनाय’ त्यालाही अडवतोच. म्हणून आधी एक्सपी_लॉगइनइन्फो ही प्रोसीजर चालवून परवानगी कोणत्या ग्रुपमधून येते, ते पाहा.