भट्टी एकट्याची नसते

"थांबू नका, फिरवत राहा! आता फुंक गं... हळू. अजून थोडं."

बाकावर बसलेले आजोबा सत्तरी ओलांडलेले आहेत. साडेचार फुटी पोलादी फुंकणी बाकाच्या दोन लोखंडी दांड्यांवर आडवी टेकवून ते डाव्या तळव्याने ती पुढे-मागे लोळवताहेत. टोकाला काचेचा केशरी गोळा आहे. हात जरा रेंगाळला की गोळा खाली ओघळू लागतो, हात चालू लागला की पुन्हा सावरतो. फुंकणीच्या दुसऱ्या टोकाशी त्यांची नात उकिडवी बसून गाल फुगवून फुंकते आहे. स्टुडिओची मालकीण ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळव्यावर घेऊन गोळ्याला खालून गोलाई देते. कागद चुरचुरतो, वाफ उठते, करपल्याचा वास पसरतो. गोळ्याच्या पोटातला बुडबुडा मोठा होत जातो.

"बास!" मालकीण म्हणते. नात तोंड बाजूला घेते. आजोबा अजून फिरवतातच आहेत.

हे स्प्रूस पाइन. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात, ब्लू रिज डोंगररांगांत, नॉर्थ टो नदीच्या काठावरचं जेमतेम दोन हजारांवर वस्तीचं गाव. डिसेंबर सुरू आहे. बाहेर रस्त्यावरून नाताळासाठी तोडलेली फ्रेझर फर झाडं लादून ट्रक चाललेत, पाण्याच्या डबक्यांवर बर्फाचा पापुद्रा धरलाय. आत मात्र सगळे टी-शर्टात घामाघूम आहेत. स्टुडिओ म्हणजे पत्र्याची एक जुनी शेड. भिंतीला लागून भट्टी. तिच्या पोटात एक मूस, मुशीत वितळलेली काच, तापमान २१०० फॅरनहाइट म्हणजे साधारण ११५० सेल्सिअस. शेजारी आडवं पिंप ठेवावं तसं गोल तोंडाचं 'ग्लोरी होल'. काम करता करता निवत चाललेली काच तिथे पुन्हा तापवायची. पलीकडे पेटीसारखा ॲनीलर. तयार वस्तू त्यात ठेवायची आणि रातोरात सावकाश थंड होऊ द्यायची. ही घाई कोणालाच करता येत नाही. बाहेरचा थर आधी आकसला आणि आतला मागे राहिला तर काच स्वतःच्याच ताणाने फुटते. म्हणून आज फुंकलेला गोळा आज कोणाच्याही हातात पडत नाही. ज्याला हवा त्याने उद्या परत यायचं.

मालकीण पंचावन्नच्या घरात. दंडावर भाजल्याचे जुने पांढरे डाग, डोळ्यांवर गडद चष्मा. मी विचारते की आठवड्यातले इतके दिवस स्टुडिओ गावाला खुला ठेवायचं कसं सुचलं. ती हसते.

"सगळ्यांना वाटतं मला माणसांची भारी हौस आहे. हौस आहेच. पण हे दार उघडलं ते गॅसच्या बिलाने."

मग ती हिशोब सांगते. भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. मूस एकदम थंड झाली तर तिला तडा जातो. थंड करायची तर टप्प्याटप्प्याने, परत तापवायची तीही टप्प्याटप्प्याने, आणि त्यात दिवस जातात. म्हणून ती चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस जळत राहते. तुम्ही एक पेला करा नाहीतर शंभर, रात्री झोपा नाहीतर आजारी पडा, गॅसचा मीटर फिरतोच. "एकटी मी दिवसाकाठी किती काम करणार? पाच-सहा तास. उरलेले तास आग नुसती जळणार. मग ते तास मी वाटायला काढले."

भिंतीवर खडूचा फळा आहे, त्यावर आठवड्याचे तास चौकटींत वाटलेले. काही चौकटी तासावर बाक भाड्याने घेणाऱ्या तरुण कारागिरांच्या, काही शाळेच्या, दोन स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या. शनिवारची अख्खी ओळ 'गाव' या एका शब्दाने भरलेली. आज शनिवार आहे.

आजोबांचा गोळा आता लोखंडी पाट्यावर आलाय. पाट्यावर हिरव्या काचेचा चुरा पसरलेला. गोळा त्यावर लोळवला की चुरा चिकटतो, मग तो ग्लोरी होलमध्ये. भपकन धग अंगावर येते. अर्ध्या मिनिटात चुरा विरघळून अंगचा रंग होतो. हा रंगही वाटेल तो चालत नाही. तापल्यावर रंगीत काच आणि साधी काच सारख्याच प्रमाणात प्रसरण पावली पाहिजे, नाहीतर ॲनीलरमधून बाहेर येईपर्यंत दोघींचं भांडण होऊन वस्तू तडकलेली असते.

आजोबा फेल्डस्पारच्या खाणीत होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली. या डोंगरांच्या पोटात सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी खोलवर निवलेल्या खडकात अभ्रक, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ आहे, आणि इथला क्वार्ट्झ जगातल्या सर्वांत शुद्ध क्वार्ट्झमध्ये मोडतो. संगणकाच्या चिप्ससाठी लागणारं सिलिकॉन ज्या मुशीत वितळवतात, त्या मुशी या क्वार्ट्झच्या बनतात. "पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीच्या आरशातही आमचीच वाळू आहे," आजोबा मला ऐकवतात. १९३४ साली कॉर्निंगमध्ये ओतलेला दोनशे इंची आरसा. मग फुंकणीकडे बोट करून म्हणतात, "आयुष्यभर काचेचा कच्चा माल उपसला. काच कशी होते ते मात्र इथे येऊन बघितलं."

त्यांचं हे वाक्य मला भट्टीच्या इतिहासाकडे घेऊन जातं, कारण या डोंगरात काचेची भट्टी खाणीमुळे आलेली नाही. ती आली एका प्राध्यापकामुळे. हार्वी लिटलटन कॉर्निंग गावात जन्मलेला, त्याचे वडील तिथल्याच काच कंपनीत शास्त्रज्ञ. हा स्वतः विस्कॉन्सिन विद्यापीठात मातीकाम शिकवायचा. काच त्या वेळी कारखान्याची मक्तेदारी होती. चित्रकार कागदावर आराखडा काढणार आणि कामगार तो फुंकणार. लिटलटनला वाटे, एका कलावंताला आपल्या छोट्या भट्टीपुढे उभं राहून स्वतःच्या हाताने काच का घडवता येऊ नये? १९६२ मध्ये टोलीडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात त्याने कार्यशाळा घेतली. पहिली काच नीट वितळलीच नाही. डॉमिनिक लबिनो या काचतज्ज्ञाने भट्टी सुधारून दिली, वितळवायला काचेच्या गोट्या दिल्या. आणि फुंकायचं कसं, ते दाखवलं हार्वी लीफग्रीन नावाच्या एका निवृत्त कारखाना-कामगाराने. म्हणजे 'एकट्या कलावंताची काच' जन्माला घालायलाही आधी तिघं लागले. १९६५ मध्ये इथून जवळच्या पेनलंड कारागिरी शाळेत काचेची भट्टी बांधली गेली. १९७७ मध्ये लिटलटन स्वतः स्प्रूस पाइनला राहायला आला आणि २०१३ मध्ये इथेच वारला. आज या भट्टीत पडणारा कच्चा माल ज्या गिरणीतून येतो, तीही त्याच्याच कुटुंबाने सुरू केलेली.

पलीकडच्या बाकावर मोठं काम चाललंय. भाड्याने बाक घेतलेला एक तरुण फुलदाणी करतोय, आणि तिथे बघत उभं राहिलं की कळतं, लिटलटनची भट्टी छोटी झाली तरी काच एकट्याला दाद देत नाही. तरुण बाकावर बसून मोठ्या चिमट्याने मान आवळतो तेव्हा दुसरा फुंकतो. तिसरी मुलगी लाकडी फळी आडवी धरते, म्हणजे तरुणाचा हात धगीने भाजू नये. चौथा ग्लोरी होलची दारं उघडतो, मिटतो. कोणी मोठ्याने बोलत नाही. "फुंक." "थांब." "तापव." एवढेच शब्द. मग दुसरा जण एका सळीवर थोडी कढत काच घेऊन येतो आणि फुलदाणीच्या बुडाला चिकटवतो. आता फुंकणीकडची मान मोडायची, म्हणजे तोंड मोकळं होईल. मानेवर पाण्याचा थेंब, नळीवर एक टिचकी.

खळ्ळ!

फुलदाणी सळीवरून निसटून फरशीवर. क्षणभर सगळी शेड गप्प. मग कोणीतरी टाळ्या वाजवतं, आणि तरुण कपाळावरचा घाम पुसत हसतो. सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी फावडं आणि झाडू घेऊन येते. तुकडे अजून तडतडताहेत. ती रंगीत तुकडे एका डब्यात लोटते, बिनरंगाचे दुसऱ्या. बिनरंगी काच परत मुशीत जाईल. रंगीत गेली तर सगळी मूस गढूळ होईल, म्हणून ती वेगळी.

ही मुलगी गावच्या हायस्कूलमध्ये आहे. आठवड्यातून दोन दिवस झाडते, दारं उघडते, भट्टीत माल टाकते. त्या बदल्यात तिला बाकावर फुकट तास मिळतात. "पहिला महिना नुसती दारंच उघडली," ती सांगते. "कंटाळा आला होता. मग कळलं, दार वेळेवर उघडणाऱ्याशिवाय बाकावरच्याचं काहीच होत नाही." शेल्फावर तिने केलेले पेले आहेत. थोडे तिरके, बुडाला जाड. किंमत लावलेली आहे आणि दोन विकलेही गेलेत.

शेल्फाच्या खालच्या कप्प्यात काही गोळे वेगळे ठेवलेत, तपकिरी-करड्या रंगाचे. त्यांना किंमत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ या डोंगरांवर फुटलं, २७ तारखेला नॉर्थ टोने काठ सोडला आणि गावाची खालची पेठ पाण्याखाली गेली. जगभरच्या वर्तमानपत्रांत तेव्हा स्प्रूस पाइनचं नाव आलं, पण काळजी होती ती क्वार्ट्झच्या खाणी बंद पडल्याची, चिप्सची. इथल्या लोकांना पाणी आणि वीज नव्हती. शेड वरच्या अंगाला, म्हणून वाचली. पण वीज गेली की भट्टीत हवा मारणारा पंखा बंद पडतो आणि सुरक्षेची झडप गॅस तोडते. मुशीतली काच आतल्या आत थिजली, मूस तडकली.

"नवी मूस बसवायला हात कोणाचे लागले, विचारा," मालकीण म्हणते. मी विचारण्याआधीच आजोबा हात वर करतात. ते आणि त्यांचे खाणीतले जुने सोबती. जुन्या मुशीला चिकटलेली काच छिन्नीने फोडून काढायची, विटा काढायच्या, नव्या रचायच्या. खाणीत जन्म काढलेल्यांना हे सांगावं लागलं नाही. भट्टी पुन्हा पेटल्यावर पहिल्या काचेचे हे करडे गोळे झाले, आणि पुरात घर गेलेल्या ज्या कुटुंबांची नाताळाच्या झाडावर टांगायची जुनी शोभा वाहून गेली होती, त्यांना ते दिले गेले. उरलेले इथे आहेत. कोणी उशिरा मागायला आलं तर असावेत म्हणून.

मला तळेगाव दाभाडे आठवतं. १९०८ मध्ये तिथे उभी राहिलेली पैसा फंडाची काचभट्टी. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून जमवलेला निधी, पाठीशी लोकमान्य टिळक, आणि भट्टी चालवायला जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय. तिथे माल काढण्याइतकंच महत्त्व कारागीर घडवण्याला होतं. आमच्याकडे लोकांनी आधी पैसे गोळा केले आणि मग भट्टी पेटली. इथे भट्टी आधी पेटली आणि तिने लोक गोळा केले. मी हे मालकिणीला सांगते. तिला 'माणशी एक पैसा' फार आवडतं. ती खडू घेते आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडेमोड करू लागते. दोन हजार माणसं, माणशी एक डॉलर. मग मान हलवते. "गॅसला काही आठवडे पुरेल," म्हणते, "पण बाकाला माणसं नाही मिळणार. डॉलर देऊन ते घरी बसतील. मला ते इथे हवेत."

साडेचार वाजताच डोंगरामागे सूर्य गेलाय. आजोबांचा गोळा केव्हाच ॲनीलरमध्ये गेला, जाड हातमोजे घालून नातीनेच ठेवला. बाकं पुसली जातात, चेरीच्या लाकडाचे साचे पाण्याच्या बादलीत बुडवले जातात. आता माल टाकायची वेळ. हायस्कूलची मुलगी चेहऱ्यावर ढाल ओढते, लांब दांड्याच्या फावड्यात पांढरट गोळ्या भरते. वाळू, सोडा, चुना एकत्र करून केलेल्या या गोळ्या. पूड असती तर धूळ छातीत गेली असती. मालकीण दार उघडते, मुलगी एका झटक्यात फावडं आत पालथं करते, दार बंद. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा, मूस भरेपर्यंत. मग तापमान आणखी चढवायचं, २३०० फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे रात्रभरात माल वितळेल आणि आतले बुडबुडे वर येऊन निघून जातील. सकाळी परत खाली आणलं की काच कामाला तयार.

फोन वाजतो. मालकीण एका हाताने तो कानाशी धरते, दुसऱ्या हाताने काटा फिरवून आच वाढवते. पलीकडून कोणीतरी उद्या तास आहे का विचारतंय.

"आहे ना, दुपारी दोनचा. नाही, अनुभव नसला तरी चालेल... किती जण आहात? एकटेच?" ती फळ्याकडे बघते. "मग येताना कोणालातरी घेऊन या. शेजारी, भाऊ, कोणीही. तुम्ही फिरवाल, पण फुंकणार कोण?"